दुपारचा नळ

सोमवार, ९ मार्च

ही दैनंदिनी एका औषध कंपनीने माझ्या डॉक्टर पत्नीला दिलेली आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी आम्लपित्ताच्या गोळीची जाहिरात छापली आहे. दर वर्षी अशा काही दैनंदिन्या दवाखान्यात येत व त्यांतली बरी दिसणारी ती मला देई. मी ती जपून ठेवी आणि तीत काहीही लिहीत नसे. "लिहा की हो काहीतरी. नाहीतर निदान पानापानावर शिक्के तरी मारा," असे ती म्हणे. मी सबंध नोकरी वजनमापे निरीक्षक म्हणून केली. दुकानांतील तराजू व वजने तपासून त्यांवर एका वर्षापुरता शिक्का मारणे हे माझे काम होते. त्यामुळे शिक्का हा आमच्या घरातला जुना विनोद होता.

तिला जाऊन तीन आठवडे झाले. फुप्फुसात रक्ताची गुठळी, असे मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांनी कारण लिहिले आहे. सकाळी ती दवाखान्यात जाण्यासाठी जिना उतरत होती आणि मध्येच एका पायरीवर बसली. रुग्णवाहिकेत तिने माझा हात धरला होता. रुग्णालय येण्यापूर्वीच तो सुटला. भेटायला आलेल्या प्रत्येकाने 'अचानक' हाच शब्द वापरला. मीही तोच वापरतो.

दवाखाना आमच्याच घराच्या तळमजल्यावर आहे. तो आज पुन्हा उघडला. रुग्ण आता तिच्या हाताखालच्या तरुण डॉक्टरांकडे जातात. त्यांना सगळे 'छोट्या बाई' म्हणतात. वर बसून मला खालचे सर्व ऐकू येते: दारावरची घंटा, बाकावरची खोकणारी माणसे, कंपाउंडरचे ओरडणे. फक्त दुपारचा आवाज आज आला नाही. गेले काही महिने दवाखाना दुपारी बंद झाला की मागच्या खोलीतला नळ बराच वेळ चालू असे. वरची टाकी निम्मी होई. मी एकदा तक्रार केली तेव्हा ती म्हणाली होती, "छोटीला नीट हात धुवायला शिकवतेय. परदेशातल्या कॉलेजात शिकवत नाहीत वाटतं." नळ बंद झाला की थोड्या वेळाने जिन्यावर तिची पावले वाजत.

छोट्या बाई हात धुण्यास शिकल्या असाव्यात. आज नळ वाजला नाही.

गुरुवार, १२ मार्च

छोट्या बाई वर आल्या होत्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या. चहा नको म्हणाल्या.

"काका, परिषदेला कळवावं लागेल."

वैद्यक परिषद म्हणजे डॉक्टरांची नोंदणी ठेवणारे कार्यालय. छोट्या बाईंनी पदवी परदेशात घेतली असल्यामुळे त्यांना एका वर्षाची तात्पुरती नोंदणी मिळाली आहे. कायम नोंदणी असलेल्या एखाद्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या एकाच ठिकाणी, त्यांनी ते वर्ष पुरे करायचे. शेवटी त्या डॉक्टरांनी दाखला द्यायचा आणि मग नोंदणी कायम व्हायची. देखरेख करणाऱ्या डॉक्टर म्हणजे ही. वर्ष मे महिन्यात पुरे होईल.

"मॅडम नाहीत म्हणजे माझी नोंदणीही नाही, असा नियम आहे. दुसरे डॉक्टर शोधायचे आणि वर्ष पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं."

"दुसरे कुणी मिळेल?"

"इथे बाहेरच्या पदवीला दारात उभं करत नाहीत, काका. मॅडमनी केलं होतं."

मी त्यांना सांगितले की कळवण्याचे काम माझे आहे. पटावरील नाव तिचे आहे आणि मी तिचा पती आहे. मृत्यूच्या दाखल्याच्या साक्षांकित प्रती हाती आल्या की मी स्वतः जाईन. "वाजवी मुदतीत कळवावे" असे नियमाचे शब्द आहेत. वाजवी म्हणजे किती, हे नियमात दिलेले नाही.

एखाद्या दुकानदाराने हे वाक्य मला ऐकवले असते तर मी त्याच्या दुकानाला त्याच दिवशी सील ठोकले असते.

बुधवार, १८ मार्च

प्रती मिळाल्या आहेत. त्या घालून न्यायला पाकीट योग्य आकाराचे नव्हते, म्हणून आज गेलो नाही.

मुलीचा फोन आला. ती दूर असते. "बाबा, तुम्ही इकडे या. खाली चष्म्याचं दुकान काढायला एक जण तयार आहे. दवाखाना असाही किती दिवस चालणार?" मी विचार करतो म्हटले. तिने विचारले, जेवता काय? मी म्हटले, भात लावतो, भाजी करतो. ती रडू लागली. यात रडण्यासारखे काय होते हे मला कळले नाही. मला स्वयंपाक येतो. मागच्या पावसाळ्यात हिनेच मला तो शिकवला. एकाएकी तिने मनावर घेतले की निवृत्त माणसाला स्वयंपाक आलाच पाहिजे. मी तांदूळ ग्रॅममध्ये मोजून घेत असे, त्यावरून ती फार हसे. "अहो निरीक्षक, मूठ नावाचं एक माप असतं. त्याला शिक्का लागत नाही." बँकेची कामे, विजेचे बिल, औषधांचे कपाट, सर्व तिने त्याच सुमारास मला समजावून दिले. माझा वेळ चांगला गेला.

बुधवार, २५ मार्च

कंपाउंडर वर आला. हिच्या पहिल्या दिवसापासून तो दवाखान्यात आहे आणि मला फारसा मानत नाही.

"साहेब, वजनकाट्यावरचा शिक्का संपला. मारताय की आम्हाला दंड करताय?"

"मी निवृत्त आहे. कार्यालयात कळवा."

"बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, आधी ह्यांनाच काट्यावर उभं करा. पार सुकलात साहेब."

त्या काट्यावरून आठवले. दिवाणखान्यातील घड्याळ दुरुस्त करून आणले त्या आठवड्यातली गोष्ट, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी. मी सकाळी वर्तमानपत्र घेण्यास खाली गेलो होतो आणि ती काट्यावर उभी होती. काटा तिच्या नेहमीच्या वजनापेक्षा पुष्कळच कमी दाखवत होता. मी म्हटले, हा काटा बिघडला आहे. ती चटकन उतरली. "बिघडला असेल. तपासा की." मी त्याच दिवशी माझी प्रमाणित वजने काढून काटा तपासला. अचूक होता. जेवताना तिला तसे सांगितले. ती म्हणाली, "मग झालं तर. काटा बरोबर म्हणजे सगळं बरोबर." एवढ्या जुन्या काट्याने इतकी अचूकता राखलेली पाहून मला समाधान वाटले होते.

परिषदेकडे अद्याप गेलेलो नाही. एकदा निघालो होतो. कोपऱ्यावरून परतलो. छोट्या बाईंचे नुकसान होईल, म्हणून परतलो.

गुरुवार, २ एप्रिल

आज गेलो. खाली तरुण मुलगी बेकायदा रुग्ण तपासते आहे आणि मी वर बसून वर्तमानपत्र वाचतो आहे, हे मला अधिक काळ शोभणारे नव्हते.

परिषदेचे कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीमागे एक कारकून बाई होत्या. डबा नुकताच उघडला होता, तो त्यांनी बाजूला सारला. कागद वाचले. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "अगंबाई. ह्यांनी माझ्या धाकट्याचा ताप उतरवला होता." मग संगणकाकडे वळल्या. "बसता का जरा? नाव काढावं लागेल पटावरून."

"मी उभाच बरा आहे."

"लोक नंतर विचारतात, काढलं का. म्हणून समोरच काढते." त्यांनी कळ दाबली. यंत्राने विचारले असावे, खात्री आहे का, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्यांनी पुन्हा दाबली. एवढेच. इतकी वर्षे मी शिक्का मारण्याचे काम केले. पुसण्याचे काम किती निःशब्द असते याची मला कल्पना नव्हती.

छोट्या बाईंची नोंदणी त्याच क्षणी स्थगित झाली. दवाखाना आजपासून बंद. मी विचारले, वाचवण्याचा काही मार्ग?

"एक आहे. समितीपुढे सुनावणी मागा. मार्गदर्शक डॉक्टर वारले तर झालेला काळ धरता येतो. पण उमेदवाराने निदान एक रुग्ण सांगायचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या अकलेने पाहिलेला. आणि त्या काळात तिथे हजर असलेल्या कुणीतरी साक्ष द्यायची. ती साक्ष तुमची चालेल. घर तुमचं, दवाखाना तुमच्या घरात."

मी तेथेच उभा राहून अर्ज लिहिला. बाईंनी तो वाचला व म्हणाल्या, "अक्षर काय हो सुंदर तुमचं." नंतर त्यांनी डबा पुन्हा उघडला, पण जेवल्या नाहीत.

मंगळवार, ७ एप्रिल

दवाखाना बंद आहे. घंटा नाही, खोकला नाही. कंपाउंडर सकाळी येऊन बाक पुसतो आणि बाहेर बसून येणाऱ्या प्रत्येकाला परत पाठवताना माझ्या नावाने काहीतरी पुटपुटतो.

अकराच्या सुमारास छोट्या बाई माझा रक्तदाब पाहण्यास वर आल्या. मी त्यांना आठवण करून दिली की त्यांची नोंदणी स्थगित असून त्यांना रुग्ण तपासता येणार नाही.

"बरं," त्या म्हणाल्या आणि यंत्र पिशवीत ठेवले. "मग नुसता हात धरून बसते. त्याला परवाना लागतो का, काका?"

लागत नाही. त्या बसल्या. मग मी त्यांना एक विनंती केली, आणि ती करताना मला फार संकोच वाटला. मी म्हटले, दवाखाना पुन्हा सुरू झाला तर दुपारी मागच्या खोलीतला नळ पूर्वीसारखा थोडा वेळ चालू ठेवाल का? पाण्याची मी काळजी करणार नाही. तो नळ वाजत असला की ती हात धुते आहे आणि आता वर येईल असे वाटते. दिवसातला तेवढाच वेळ मला मोकळे वाटत असे.

छोट्या बाईंनी माझा हात सोडला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकले. त्या इतक्या रडल्या की मला कंपाउंडरला हाक मारावी लागली. त्यांच्या मनावर सुनावणीचा ताण आहे. या वयात एक वर्ष वाया जाणे ही लहान गोष्ट नाही.

सोमवार, १३ एप्रिल

सुनावणी परवा आहे. छोट्या बाई पुन्हा आल्या.

"काका, साक्षीला तुम्ही नका येऊ. कंपाउंडरमामांना नेते मी."

"ते दुपारी घरी जातात. पूर्ण काळ हजर होतो तो मीच. रुग्ण कोणता सांगणार?"

"तेच तर. सगळे पेशंट मॅडमनी पाहिलेले असायचे."

"एकही स्वतंत्र नाही?"

"एक आहे. पण कुणाला सांगणार नाही असं पेशंटला कबूल केलंय."

मी त्यांना नियमावली काढून दाखवली. रुग्णाचे नाव व पत्ता न सांगता हकीकत सांगण्यास स्पष्ट मुभा आहे. त्यात वचनभंग नाही. त्या म्हणाल्या, "नियमानं नसेल." मी जरा कडकपणे बोललो. हिने त्यांच्यासाठी आपले नाव लावले होते, तेव्हा संकोचापायी ते वर्ष बुडवणे हा तिचा अपमान ठरेल, असे म्हणालो. त्या म्हणाल्या, "तुम्ही बाहेर थांबाल का, मी सांगत असताना?" मी म्हटले, साक्षीदाराने संपूर्ण कथन ऐकणे आवश्यक आहे. नाहीतर तो साक्ष कशाची देणार?

बुधवार, १५ एप्रिल

झाले तसे लिहितो.

समितीत तीन जण होते. अध्यक्ष वयस्कर शल्यचिकित्सक असून त्यांना कमी ऐकू येते. ते प्रत्येक वाक्याला "मोठ्यानं" म्हणत. छोट्या बाई प्रथम म्हणाल्या की सांगण्यासारखा रुग्ण नाही. अध्यक्षांनी कागद मिटायला घेतले. तेव्हा मी उभा राहिलो व म्हणालो, "रुग्ण आहे. उमेदवार संकोचामुळे सांगत नाहीत. कलमानुसार नाव न घेता सांगता येते." मीच म्हणालो. छोट्या बाईंनी माझ्याकडे पाहिले, आणि मग त्या भिंतीकडे पाहून बोलू लागल्या.

"पेशंट बाई. साठीच्या जवळच्या. पाठ दुखायची, जेवण जायचं नाही, वजन उतरत होतं. मागच्या पावसाळ्यात बाहेरगावी जाऊन तपासण्या करून आल्या. स्वादुपिंडाचा कर्करोग. पसरलेला."

"मोठ्यानं. मोठ्या रुग्णालयात का नाही पाठवलं?"

"त्या जाऊन आल्या होत्या. शस्त्रक्रियेचा उपयोग नव्हता. औषधांनी दोन-तीन महिने वाढले असते, अंथरुणावरचे. त्या म्हणाल्या, मला कामातले दिवस हवेत."

"मग तुम्ही काय केलंत?"

"वेदनेचं पाहिलं. रोज दुपारी इंजेक्शन. मात्रा मीच ठरवायची, अशी त्यांची अट होती. मी चुकले तरी त्या मध्ये बोलणार नव्हत्या."

"पेशंट कशाला मध्ये बोलेल?"

"त्यांचा स्वभाव शिकवण्याचा होता."

दुसऱ्या सदस्यांनी विचारले, "घरच्यांना विश्वासात घेतलं होतं?"

"नाही. त्यांनी नको म्हटलं."

"का?"

"त्या म्हणाल्या, घरात एक जण आहेत, त्यांना सगळं मोजायची सवय आहे. कळलं तर रोज उठून उरलेले दिवस मोजतील. त्यांना तेवढे दिवस न मोजता मिळू देत."

"मोठ्यानं."

त्यांनी ते वाक्य पुन्हा मोठ्याने म्हटले.

"आणि एकाच घरात हे लपलं कसं?"

"दवाखाना बंद झाला की मागच्या खोलीत द्यायचे इंजेक्शन. लागू पडेपर्यंत त्या कण्हायच्या. आवाज वर जाऊ नये म्हणून नळ सोडायचो. कण्हणं थांबलं की बंद करायचो. मग त्या तोंड धुऊन, केस नीट करून वर जायच्या."

अध्यक्षांनी लिहून घेतले. मग ते माझ्याकडे वळले. "साक्षीदार. हे उपचार खरोखर झाले, हे तुम्हाला स्वतःला ठाऊक आहे? तुम्ही पाहिलंत?"

मी उभा राहिलो. टेबलाची कड धरली होती असे नंतर लक्षात आले.

"पाहिले नाही," मी म्हणालो. "ऐकले."

"काय ऐकलंत?"

"नळ. दररोज दुपारी. कोणत्या दिवशी तो किती वेळ चालला, हेही सांगू शकेन. शेवटी शेवटी फार वेळ चालत असे."

अध्यक्षांनी मोठ्याने म्हणायला सांगितले नाही. त्यांना ऐकू गेले असावे.

गुरुवार, १६ एप्रिल

काटा बरोबर होता.

सोमवार, २० एप्रिल

छोट्या बाईंना नोंदणी मिळाली. तात्पुरती नव्हे, कायम. समितीने झालेला काळ पूर्ण धरला. दवाखाना आज उघडला. कंपाउंडरने बाकावरच्या लोकांना सांगितले, "बसा, बसा. आता पक्क्या डॉक्टर आहेत. सुईही पक्कीच टोचतील." मुलीला मी कळवले की चष्म्याच्या दुकानासाठी जागा नाही. बाकीचे फोनवर सांगता आले नाही. ती आली की सांगेन.

दुपारी घंटा थांबली. दार लागले. आणि मागच्या खोलीतला नळ सुरू झाला.

त्यांनी माझी विनंती लक्षात ठेवली होती. मी खुर्चीत बसून ऐकले. पूर्वी मी याच खुर्चीत बसे व शब्दकोडे सोडवी. मग मी उठलो, जिना उतरलो आणि मागच्या खोलीत गेलो. दुपारच्या वेळी मी त्या खोलीत कधी गेलो नव्हतो. एक अरुंद खाट आहे, मोरी आहे, खिळ्याला एक छोटा आरसा आहे. खाटेवर धुतलेली चादर होती. छोट्या बाई नळापाशी पाठ करून उभ्या होत्या.

मी नळ बंद केला.

"तुम्हीच म्हणाला होतात, काका."

"म्हणालो होतो. आता नको."

आम्ही खाटेवर बसलो. त्यांनी विचारले, "वर कधीच काही ऐकू नाही आलं?"

"नाही. फक्त पाणी."

त्यांनी चादरीची घडी सारखी केली. "मॅडम म्हणायच्या, एक ना एक दिवस हे टाकीवरून भांडायला खाली येतील."

"घाबरत असेल."

"सुरुवातीला घाबरायच्या," छोट्या बाई म्हणाल्या. "नंतर वाट बघायच्या."

नळ पूर्ण बंद होत नाही, थेंब पडत राहतो. आतला वायसर झिजला आहे. उद्या नवा आणून बसवतो.